एका सुताराच्या जिवाचा हिशेब

समजा, डोंबिवलीत राहणारा एक सुतार आहे. वय ३४. मूळ गाव चिपळूणकडचं, इथे मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबची कामं घेतो, महिन्याला घरी १८ हजार आणतो. बायको, दोन शाळकरी मुलं आणि गावाहून आणलेली आई असे चौघे त्याच्या कमाईवर. एके दिवशी कामावर जाताना हा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे जातो. त्याच्या घरच्यांना किती पैसे मिळावेत?

आपल्या देशात या प्रश्नाचं उत्तर तो कसा होता, किती कमवत होता, मागे किती जण राहिले, एवढ्यावर ठरत नाही. तो कशाने मेला, हे आधी विचारलं जातं. विमा असलेल्या ट्रकने उडवलं, तर कुटुंबाला साडेअडतीस लाखांच्या आसपास मिळू शकतात. तोच ट्रक पळून गेला आणि नंबर कुणी पाहिला नाही, तर २ लाख. लोकलमधून पडला, तर ८ लाख. पायी चालताना उघड्या मॅनहोलमध्ये गेला, तर ६ लाख. आणि अंगावर होर्डिंग कोसळलं, तर सरकार जाहीर करील तेवढे. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग आडवं झालं, १७ जीव गेले, तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख जाहीर केले होते. माणूस तोच, बायको तीच, मुलांच्या शाळेची फीही तीच.

यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या कायद्यातून, योजनेतून किंवा निकालातून आलेला आहे. पण ते वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या दबावाखाली जन्मले आणि एकमेकांशी कधी बोललेच नाहीत.

सुरुवात इंग्लंडातून करावी लागते, कारण आपला हा कायदा तिथून आला. १८०८ साली तिथल्या न्यायालयात एका गुत्तेवाल्याचा दावा उभा राहिला. तो आणि त्याची बायको घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करत होते, गाडी उलटली. त्याला मुका मार लागला. बायको महिनाभर इस्पितळात पडून होती, मग वारली. गुत्त्याचा बराचसा कारभार तीच बघायची, त्यामुळे नवऱ्याने तिच्या मदतीला मुकल्याचीही भरपाई मागितली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी ज्यूरीला बजावलं, की याच्या अंगाला लागलं त्याचे पैसे द्या, बायकोच्या सोबतीला आणि मदतीला मुकला त्याचेही द्या, पण ती जिवंत होती तेवढ्याच दिवसांचे. माणूस मेला ही तक्रार दिवाणी न्यायालयात चालत नाही. ज्यूरीने १०० पौंड दिले आणि विषय मिटला. म्हणजे गाडीवाल्याच्या बाजूने पाहिलं, तर लंगडा झालेला प्रवासी महागात पडणार आणि मेलेला स्वस्तात सुटणार. हा उफराटा नियम पुढे जवळजवळ चाळीस वर्षं टिकला.

मग रेल्वे आली. घोडागाडी उलटली तर दोन-चार माणसं जात. रेल्वेच्या अपघातात एका वेळी डबाभर जाऊ लागली. १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि मृताच्या बायकामुलांना दाव्याचा हक्क दिला. त्याच वर्षी आणखी एक जुनी प्रथा रद्द झाली. ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती वस्तू, मग ते गाडीचं चाक असो की बैल, किंवा तिची किंमत राजाच्या खजिन्यात जमा करायची, असा तो मध्ययुगीन रिवाज होता. घरच्यांच्या हाती त्यातलं काही यायचंच असं नव्हतं.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती एप्रिल १८५३ मध्ये. १८५५ मध्ये भारतासाठी प्राणघातक अपघात कायदा आला. जेमतेम दीड-दोन पानांचा हा कायदा आजही लागू आहे. तो सांगतो ते साधं आहे: मेलेला माणूस वाचला असता तर ज्या चुकीबद्दल त्याला दावा लावता आला असता, त्याच चुकीबद्दल आता त्याची बायको किंवा नवरा, आईवडील आणि मुलं दावा लावू शकतात. भावा-बहिणींना यात जागा नाही. मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची. होर्डिंग, भिंत, लिफ्ट, गच्चीवरून पडलेली विटांची पाटी, अशा ज्या मृत्यूंसाठी वेगळा कायदा नाही, त्यांच्यासाठी अजून हाच आधार आहे. आणि तरीही तो वापरणारं कुटुंब तुम्हाला क्वचितच भेटेल. का, ते पुढे येईलच.

निष्काळजीपणा सिद्ध करायचा म्हणजे तीन गोष्टी दाखवायच्या. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने घेतली नाही, आणि नुकसान झालं ते त्यामुळेच. ही जबाबदारी कुणाकुणाबद्दल असते, याचं आजचं उत्तर १९३२ च्या एका ब्रिटिश निकालातून आलं. स्कॉटलंडमधल्या पेझली गावातल्या एका कॅफेत एका बाईने मैत्रिणीने विकत घेतलेलं जिंजर बिअर प्यायलं, आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असा तिचा दावा होता. बाटली तिने विकत घेतलेली नव्हती, कारखानदाराशी तिचा काही करार नव्हता. तरी लॉर्ड ॲटकिन म्हणाले, की आपल्या कृतीचा फटका ज्यांना बसेल हे आपल्याला आधी सुचायला हवं, ते सगळे आपले शेजारी, आणि त्यांच्याबद्दल काळजी घेणं आपल्यावर बंधनकारक. गंमत अशी, की त्या बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे शेवटपर्यंत न्यायालयात तपासलंच गेलं नाही. त्याआधी प्रकरण आपसात मिटलं.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणं पाहिली की हे तत्त्व जमिनीवर कसं उतरतं ते दिसतं. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या, घरच्यांनी टॅक्सी करून पुणं गाठलं. तिथल्या इस्पितळात हाड बसवताना पुरेशी भूल न देता पाय जोर लावून ओढला गेला, त्याच्या धक्क्याने मुलगा दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. वडिलांनी दावा लावला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय निष्काळजीपणाची आजही सांगितली जाणारी मांडणी केली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरवर काळजीचं बंधन असतं. भरपाई कायम राहिली. रक्कम ३,००० रुपये, आणि मुलगा जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

दुसरं औरंगाबादचं. जुलै १९६३. सरकारी प्रसूतिगृहात एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. ताप, वेदना, पोट फुगलेलं. सहा दिवसांनी पुन्हा पोट उघडलं, तेव्हा आधीच्या शस्त्रक्रियेत आत राहिलेला टॉवेल सापडला. पोटात पू झाला होता. काही दिवसांत ती गेली. खालच्या न्यायालयाने ३६ हजारांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. टॉवेल नेमका कुणाच्या हातून राहिला, हे कुटुंबाने दाखवायची गरज नाही. काळजी घेतली असती तर टॉवेल पोटात राहिलाच नसता, म्हणजे घटनाच बोलते आहे. आणि दवाखाना चालवणं हे राज्याच्या सार्वभौम कामांपैकी नाही, म्हणून सरकारला जबाबदारी टाळता येत नाही. निर्दोष, स्वच्छ निकाल. फक्त त्याला तेहतीस वर्षं लागली. ज्या बाळाच्या जन्मासाठी ती बाई इस्पितळात गेली होती, ते तोपर्यंत तिशी ओलांडून गेलेलं असणार.

घटनाच बोलते, या तत्त्वाचं सगळ्यात ठसठशीत भारतीय उदाहरण दिल्लीच्या चांदणी चौकातलं. टाऊन हॉलसमोरचा घंटाघराचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसं मेली. मनोरा ऐंशी वर्षांचा होता. तसल्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं, असं तज्ज्ञाने सांगितलं. नगरपालिकेने कधी नीट तपासणी केली नव्हती. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की रस्त्यालगतचं बांधकाम ज्याच्या मालकीचं, त्याला दोष दिसत नव्हता ही सबब चालणार नाही.

तत्त्व असं भक्कम असतानाही लोक दिवाणी न्यायालयाकडे फिरकत नाहीत, याचं कारण वर सांगितलेल्या तारखांमध्येच आहे. त्यात भर म्हणजे मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरायची. आपल्या सुताराच्या विधवेने होर्डिंगच्या मालकावर चाळीस लाखांचा दावा लावायचा, तर पहिलीच पायरी पैसे भरण्याची. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील आणि फीची मदत मिळू शकते. पण हे तिला तेराव्यापर्यंत कुणी सांगत नाही आणि नंतर सांगणारे निघून गेलेले असतात. शिवाय समोर खासगी कंपनी, ती दिवाळखोरीत गेली तर हुकूमनामा फ्रेम करून भिंतीवर लावायचा.

हे तिन्ही अडथळे रस्ता अपघातांच्या बाबतीत दूर केले गेले. म्हणूनच भारतात हलगर्जीपणाबद्दल भरपाई म्हटलं, की लोकांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणच आठवतं. मोटार वाहन कायदा १९३९ चा, त्यात न्यायाधिकरणं आली १९५६ च्या दुरुस्तीने, आणि आजचा कायदा १९८८ चा. तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा असल्यामुळे पैसे देणारा खिसा तयार असतो. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं असं निघालं, तरी बहुतेकदा विमा कंपनीला आधी कुटुंबाला पैसे द्यावे लागतात आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावे लागतात. अर्ज अपघाताच्या जागीच करावा लागतो असं नाही. अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. त्यामुळे मुंबई-गोवा महामार्गावर गेलेल्या माणसाच्या डोंबिवलीकर बायकोला तारखांसाठी कोकणात खेटे घालावे लागत नाहीत.

या दाव्याचा पाया पोलिसांच्या कागदात असतो. महाराष्ट्रातली कुठलीही फिर्याद उघडा, त्यात चालकाने वाहन 'भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने' चालवल्याचं वाक्य जवळजवळ शिक्क्यासारखं उमटलेलं असतं. त्यासोबत घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाडीचं आरसी, पॉलिसी, लायसन्स. यातला पंचनामा सगळ्यात मोलाचा, कारण टायरच्या घासल्याच्या खुणा कुठून कुठे गेल्या आणि मोटारसायकल रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडली होती, हे तोच सांगतो. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. त्याच तारखेपासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करण्याची अटही परत आली. ती अन्यायकारक असल्याचं म्हणत सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. घरात माणूस गेल्यावर पहिले सहा महिने कसे जातात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला त्या अर्जदारांचं म्हणणं पटेल.

फौजदारी खटला वेगळा चालतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणाला कोणाची बाजू जास्त संभाव्य वाटते एवढं पुरतं. म्हणून ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी भरपाई मिळू शकते, आणि तसं नेहमी होतं.

आता हिशेब. न्यायाधिकरणाच्या आवारात वकील एकमेकांशी बोलताना 'सरला वर्मा लावलं का', 'प्रणय सेठी धरून किती झाले' असं म्हणतात. ही सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांची नावं. त्यांनी आकडेमोड एका साच्यात बसवली. आपल्या सुताराचं वर्षाचं उत्पन्न २,१६,०००. तो स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढे कमाई वाढली असती हे धरून त्यात ४० टक्के मिळवायचे: ३,०२,४००. चार जण अवलंबून आहेत, तेव्हा त्याने स्वतःवर चौथा हिस्सा खर्च केला असता असं मानून तो वजा: २,२६,८००. मग वयाप्रमाणे गुणक. पंचविशीपर्यंत १८, मग उतरत जातो, ३१ ते ३५ या वयाला १६, पासष्टीनंतर ५. आपल्या सुताराला १६, म्हणजे ३६,२८,८००. यात ठरावीक रकमा मिळवायच्या. २०१७ मध्ये साहचर्य गमावल्याचे ४० हजार, अंत्यविधीचे १५ आणि मालमत्तेच्या नुकसानीचे १५ हजार ठरले आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढवायला सांगितलं गेलं. दोन वाढींनंतर साहचर्याचे ४८,४०० झाले. नंतरच्या निकालांनी ते फक्त पत्नीचे ठेवले नाहीत, मुलांना आणि आईलाही दिले. चौघांचे मिळून १,९३,६००, बाकी दोन मिळून ३६,३००. एकूण ३८,५८,७००.

१६ च का, २० का नाही? कारण एवढी रक्कम आज एकदम हातात आली की तिच्यावर व्याज मिळतं, आणि शिवाय तो आणखी किती वर्षं जगला असता, किती वर्षं कामाला लागला असता, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. गुणक हा त्या सगळ्या अनिश्चिततेवर काढलेला तोडगा. मला हा साचा रुक्ष वाटतो, तरी त्याच्याविरुद्ध मी बोलणार नाही. साच्याच्या आधी रक्कम न्यायाधीशाच्या मर्जीवर असे, सारख्या दोन माणसांना वेगवेगळे पैसे मिळत. आज कुटुंब घरी बसून कागदावर आपला आकडा काढू शकतं, आणि विमा कंपनीही काढू शकते, म्हणून तर लोकअदालतीत एवढी प्रकरणं मिटतात.

साच्यात खरी मेख पहिल्याच आकड्यात आहे. तो १८ हजार कमवत होता हे दाखवायचं कसं? पगारपत्रक नाही, आयकर विवरण नाही, मजुरी रोखीने. पुरावा नसला की न्यायाधिकरण किमान वेतनाकडे झुकतं आणि सगळा हिशेब तिथूनच आखडतो. हार्डवेअरच्या दुकानातली उधारीची वही, ज्यांच्या घरी कामं केली त्यांची साक्ष, मोबाइलवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, अशा चिंध्या जोडून वकील उत्पन्नाची गोधडी शिवतात.

आणि ज्याला कमाईच नाही त्याचं काय? हा साचा पुरुषाच्या पगाराभोवती शिवलेला. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला टाटांच्या संस्थापक दिनाच्या मांडवाला आग लागून माणसं गेली, त्यात अनेक गृहिणी होत्या. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कामाची किंमत महिना ३,००० धरली. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात तर न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश मानलं होतं, म्हणजे इंजिनिअरच्या बायकोचा स्वयंपाक शिपायाच्या बायकोच्या स्वयंपाकापेक्षा महाग. जानेवारी २०२१ च्या एका निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीतले आकडे पुढे ठेवले: घरच्यांसाठी बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. गृहिणीचं कल्पित उत्पन्न धरताना तिला आर्थिक शून्य समजू नका, हा त्या निकालाचा रोख, आणि तिच्याही हिशेबात भावी वाढ धरायला त्यांनी सांगितलं. १८०८ मध्ये गुत्तेवाल्याच्या बायकोच्या कामाला महिन्याभराची किंमत मिळाली होती, तिथपासून इथवर यायला दोनशे वर्षं लागली.

काही बाबतीत न्यायालयांनी साच्याला माणुसकीची कड लावली आहे. २०२१ मध्ये मुलगी-जावयाकडे राहणारी सासू जावयाच्या मृत्यूबद्दल अर्ज करू शकते असं ठरलं. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला जावई सांभाळतो हे वास्तव निकालात आलं. एसटी महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात १९९८ मध्ये ठरलं, की मृताच्या आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून ते कापायचे नाहीत. हप्ते त्याने भरले होते, महामंडळाने नाही. हेल्मेट नव्हतं, किंवा मोटारसायकलवर तिघे होते, एवढ्यावरून आपोआप त्याची अर्धी चूक धरता येत नाही. त्या गोष्टीमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं.

जखमी माणसाचा हिशेब आणखी अवघड, कारण तो जिवंत असतो आणि त्याचा खर्च चालूच असतो. सरकारी दवाखान्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र ४५ टक्के म्हणालं, म्हणजे कमाई ४५ टक्के बुडाली असं नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सोदाहरण सांगितलं: डावा हात गेला, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण संपते. आपला सुतार मेला नसता, नुसता हात गेला असता, तर स्वतःवरच्या खर्चाची वजावटही झाली नसती, आणि उपचार, पुढच्या शस्त्रक्रिया, वेदना, मदतनीस हे सगळं वेगळं मिळालं असतं. म्हणजे काही प्रसंगी जिवंत सुताराची भरपाई मृत सुतारापेक्षा जास्त होते. यात चुकीचं काही नाही. त्याला अजून चाळीस वर्षं काढायची आहेत.

आता मोटार अपघात न्यायाधिकरणापासून बाजूला होऊ. पळून गेलेल्या ट्रकसाठीची केंद्राची योजना २०२२ ची. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे. आधी मृत्यूला २५ हजारच होते. लोकलमधून पडलेल्यांसाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे, मुंबईत आणि नागपुरात त्याची पीठं बसतात. तिथे रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही, हा मोठा दिलासा. २०१७ पासून मृत्यूला सरसकट ८ लाख. खिशात तिकीट किंवा पास सापडला नाही एवढ्यावरून दावा बाद होत नाही, हेही २०१८ मध्ये स्पष्ट झालं. तुटून रस्त्यावर पडलेल्या विजेच्या तारेने माणूस गेला, तर वीज कंपनीला 'आम्ही काळजी घेतली होती' म्हणून सुटता येत नाही. धोकादायक वस्तू हाताळणाऱ्यावर जबाबदारी जास्त कडक असते. डॉक्टरांविरुद्ध १९९५ पासून ग्राहक मंचाचा दरवाजा उघडला, फुकट उपचार करणाऱ्या इस्पितळांचा अपवाद सोडून, आणि लोक आता दिवाणी न्यायालयाऐवजी तिकडेच जातात. २०१३ मध्ये कोलकात्यातल्या एका इस्पितळाविरुद्धच्या प्रकरणात जवळपास सहा कोटी मंजूर झाले. मृत बाई अमेरिकेत स्थायिक होती आणि हिशेब तिथल्या कमाईच्या अंदाजाने झाला. उत्पन्नावरून हिशेब करायचं ठरवलं, की शेवट इथेच होतो.

राहिला खड्डा आणि मॅनहोल. ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एल्फिन्स्टन रोडजवळ एक नामांकित डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी निघाला आणि उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात हा विषय उच्च न्यायालयात येत राहिला. १३ ऑक्टोबर २०२५ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि संदेश पाटील यांच्या खंडपीठाने निर्णय दिला: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग, हे तर न्यायालयाने म्हटलंच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला यंत्रणेचा भाग. प्रत्येक ठिकाणी समिती, तिच्यात पालिका आयुक्तांसारखा जबाबदार अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, आणि पैसे काही आठवड्यांत. कुटुंबाला कोर्ट फी नाही, साक्षीपुरावे नाहीत, वीस वर्षांच्या तारखा नाहीत.

६ लाख हे साडेअडतीस लाखांच्या जवळपासही नाहीत, हे उघड आहे. सुताराचं वय, कमाई, आई, मुलं, यातलं काहीच त्या आकड्यात शिरत नाही. तरी छेडानगरच्या ५ लाखांपेक्षा तो वेगळा आहे. ते ५ लाख सरकारने स्वतःच्या तिजोरीतून दिले. होर्डिंग उभारणाऱ्याच्या चुकीचा त्यात कुठे उल्लेखही नव्हता. उच्च न्यायालयाच्या आदेशात पालिकेने दिलेली रक्कम जबाबदार ठेकेदाराकडून किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायची आहे. पहिल्या पावसात उखडणाऱ्या रस्त्याचं बिल निघण्याआधी मागच्या वर्षीच्या खड्ड्याचे ६ लाख ठेकेदाराच्या देयकातून कापले जातात की नाहीत, हे पालिकेच्या लेखा विभागात माहिती अधिकारात विचारता येतं. आणि ज्यांना पूर्ण हिशेब हवा आहे, त्यांच्यासाठी १८५५ चा कायदा आणि त्याची दोन वर्षांची मुदत मृत्यूच्या दिवसापासून मोजली जात असतेच.